तीन बस आणि एक ठिपका

पैज लागली ती लिफ्टमुळे. आमच्या इमारतीची लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली होती, आत सोसायटीचे अध्यक्ष होते आणि बाहेर मी, हातात पेचकस घेऊन. खाली माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. टीव्ही आणि लिफ्ट ही दोन वेगळी यंत्रं आहेत हे आमच्या इमारतीत फक्त मलाच माहीत असल्यामुळे लिफ्ट बिघडली की मलाच बोलावतात.

अध्यक्षांना बोलायला आवडतं. त्या दिवशी त्यांना दुसरं कामही नव्हतं. दाराच्या फटीतून त्यांचं अर्धं नाक आणि एक डोळा दिसत होता.

"तुमची भाची हल्ली दिवसभर घरीच दिसते," फट म्हणाली. "नोकरी सुटली वाटतं."

"घरून काम करते. दुर्बिणीचं."

"गच्चीवर तर कधी दिसली नाही."

"दुर्बीण वर अवकाशात आहे. बंद पडून आठ वर्षं झाली."

फटीतला डोळा बारीक झाला. "म्हणजे ती बंद पडलेल्या दुर्बिणीतून बघते."

"बंद पडायच्या आधी काढलेले फोटो बघते. त्यात कोणाला न दिसलेले तारे शोधते."

"ज्यांनी फोटो काढले त्यांना दिसले नाहीत, ते हिला दिसणार. माझ्या माळ्यावर पण आठ वर्षांचं सामान पडलंय. तिला म्हणावं सवड झाली की ये, एखादा तारा तिथेही असेल."

आता हे सांगायला हवं की अध्यक्ष हवामान खात्यातून निवृत्त झालेत. पस्तीस वर्षं नोकरी केल्यामुळे छतापासून वरचं सगळं आपल्याच अखत्यारीत आहे अशी त्यांची समजूत आहे. त्यांनी 'आज कोरडं राहील' म्हटलं की आमची ही गच्चीवरचे कपडे काढून आणते.

"लावा पैज," मी म्हटलं.

चौथ्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या काकू गळ्यात मापाची पट्टी घालून जिन्यात बसल्या होत्या, कारण लिफ्टशिवाय आणखी वर चढणं त्यांना मंजूर नव्हतं. त्यांनी पिशवीतून कापडाचे नमुने कापायचा खाकी कागद काढला आणि लिहायला घेतलं. महिनाअखेरपर्यंत भाचीला नवा तारा सापडला तर अध्यक्ष हरले, नाही सापडला तर मी हरलो. हरणाऱ्याने एक तारखेला सकाळी नऊ वाजता फाटकासमोरच्या बसथांब्यावर डोक्यावर बादली उपडी घालून उभं राहायचं. तीन बस येऊन जाईपर्यंत हलायचं नाही, आणि प्रत्येक बसमधल्या लोकांना ऐकू जाईल असं म्हणायचं, 'मला आकाशातलं काही कळत नाही.' बादलीची कल्पना अध्यक्षांची. चौकोनी खोक्यात अडकलेल्या माणसाला असलं सुचणारच.

कागद फटीतून आत गेला आणि सही होऊन बाहेर आला. मग मी बटण दाबलं. लिफ्ट तशी दहा मिनिटांपूर्वीच सुरू झाली होती, पण सहीशिवाय सोडायचं म्हणजे काय.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. शिकली इथेच, आणि दोन वर्षांपूर्वी इथल्याच एका संशोधन संस्थेत कंत्राटावर लागली, तेव्हापासून आमच्याकडे राहते. संस्थेने तिचं टेबल मधेच कोणा पाहुण्याला दिलं, म्हणून ती आमच्या पुढच्या खोलीत शिवणयंत्राच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसायची. कंत्राट त्याच महिनाअखेर संपत होतं. तिच्या मोठ्या सरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "काहीतरी दाखव, म्हणजे पुढचं बघता येईल." मोठ्या सरांनी स्वतः बारा वर्षांपूर्वी याच दुर्बिणीच्या फोटोंतून नऊ तारे दाखवले होते आणि तेव्हापासून ते त्याच नऊ ताऱ्यांच्या उजेडात बसून होते.

तिचं काम मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. म्हणजे तिला कळतं त्याचा शंभरावा भाग, आणि अध्यक्षांना कळतं त्याच्या दुप्पट. टीव्हीच्या रिमोटच्या टोकातून एक उजेड निघतो, तो डोळ्यांना दिसत नाही पण टीव्हीला कळतो. तो इन्फ्रारेड. ही दुर्बीण तसलाच उजेड टिपायची, म्हणजे एका परीने गोष्टींची ऊब बघायची. हे ऐकल्यावर मी भाचीला म्हटलं, मग मी तीस वर्षं तुझ्याच धंद्यात आहे. ती म्हणाली, हो मामा, फक्त तुझ्याकडे सेल बदलता येतात.

आकाशात म्हणे काही तारे पेटता पेटता राहून गेलेत. नीट जळत नाहीत, नुसते कोमट असतात. काही तर आपल्या अंगाइतकेच गरम. साध्या दुर्बिणीला ते दिसतच नाहीत, आणि या दुर्बिणीच्या फोटोतही दिसले तर जेमतेम एक पुसट ठिपका. तो ठिपका तारा आहे की नुसता कचरा, हे ओळखायचं कसं, तर तोच तुकडा वर्षावर्षाच्या अंतराने काढलेल्या फोटोंत बघायचा. संगणक ते फोटो असे सरकवून एकमेकांवर ठेवतो की सगळे तारे ताऱ्यांवर बसतात. मग जो ठिपका मात्र जागा बदलतो, तो आपल्या जवळचा. बाकी सगळे लांबचे, नातेवाइकांसारखे जागेवरच बसलेले.

असे लाखभर फोटो. भाची सकाळी नऊला बसायची आणि सहाला उठायची.

पैज लागल्यावर तिसऱ्या दिवशी मी टूथपेस्टचा टाचणीच्या डोक्याएवढा थेंब तिच्या पडद्यावर लावला. मला राहवलं नाही. दीड तास ती त्या ताऱ्यावर काम करत होती. त्याची उंची-रुंदी मोजली, मोठ्या सरांना निरोप लिहायला घेतला, आणि मग फोटो बंद केला तरी तारा जागेवरच. तिने बोट लावून वास घेतला. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ही म्हणाली, "पन्नाशी उलटली तुमची. पोरीचं पोट आहे त्याच्यावर, तिथे कसले चाळे करता."

बावीस तारखेला दुपारी भाचीने मला दुकानातून वर बोलावलं. आवाज वेगळाच होता. तिने आधी पडदा बाहीने पुसून दाखवला, मग फोटो लावले. पहिला, एका वर्षाने दुसरा, आणखी एका वर्षाने तिसरा. तारे सगळे जागच्या जागी, आणि मधोमध एक ठिपका, इतका पुसट की जरा तिरकं बघावं लागत होतं. तो पहिल्या फोटोत इथे, दुसऱ्यात थोडा उजवीकडे, तिसऱ्यात आणखी तितकाच उजवीकडे. सरळ रेषेत, शाळेला निघाल्यासारखा.

"कोणाच्याच यादीत नाहीये मामा. मी सगळ्या याद्या बघितल्या."

"म्हणजे तुझा."

"म्हणजे बहुतेक माझा." ती हसत होती आणि नखं खात होती, एकाच वेळी.

मोठ्या सरांना कळवलं तर पहिल्यांदाच अर्ध्या तासात त्यांचा उलट फोन आला. तीस तारखेला पत्रकारांना बोलावू म्हणाले, वरच्या साहेबांना आजच सांगतो म्हणाले, आणि कंत्राटाचं मनावर घेऊ नकोस, ते झालंच समज. 'आपला तारा' असंही म्हणाले. अर्ध्या तासापूर्वीपर्यंत तो तिचा होता.

मी त्याच संध्याकाळी बादली घेऊन अध्यक्षांच्या दारात गेलो.

"काय हे?" त्यांनी विचारलं.

"माप घ्यायला आलोय. बादल्या दोन आकारांत मिळतात. कानांवर घट्ट नको बसायला."

"महिना संपलेला नाही अजून."

"नाही ना. म्हणून तर सावकाश घेऊ माप."

त्यांनी दार लावलं. पण काकू खऱ्या कारागीर, त्यांनी बादलीच्या बुडात बसेल अशी गोल गादी शिवून दिली, वर म्हणाल्या, "टक्कल आहे, घसरेल." पुढचे चार दिवस मी जिन्यात दिसलो की अध्यक्ष वर जायचे ते खाली जायचे आणि खाली जायचे ते वर.

सत्तावीस तारखेला भाची केस धुवायला गेली असताना मी एका गिऱ्हाइकाला वर घेऊन आलो, तारा दाखवायला. तोपर्यंत माझं निम्म्या गल्लीला दाखवून झालं होतं. लॅपटॉप उघडला, फोटोंवर टिचकी मारली, आणि नेहमीसारखं काही दिसेना. ठिपका होता, पण चालत नव्हता. पहिला फोटो, दुसरा, तिसरा. ठिपका जिथल्या तिथे, आणि तारे मात्र सगळे मिळून डावीकडे उड्या मारतायत. गिऱ्हाईक म्हणालं, "छान आहे," आणि गेलं.

माझ्या लक्षात आलं की मी भलताच कप्पा उघडलाय. हे फोटो दुर्बिणीतून आले तसे कच्चे, संगणकाने सरकवून एकमेकांवर बसवण्याआधीचे. बंद करणार होतो. पण तीस वर्षं मी पडदे बघतोय. एका बिस्किटाच्या दुकानातला टीव्ही माझ्याकडे दोनदा आलाय, त्यावर दिवसरात्र एकच बातम्यांची वाहिनी चालते. कोपऱ्यातलं चिन्ह त्या पडद्यात इतकं मुरलंय की तुम्ही क्रिकेट लावा नाहीतर सिनेमा, ते पुसटसं दिसतंच. चित्र हलतं, डाग हलत नाही. डागाची ती एकच खूण.

खिशातून मी काळ्या चिकटपट्टीचा इवलासा तुकडा काढला आणि ठिपक्यावर चिकटवला. दुसरा फोटो लावला. ठिपका पट्टीखाली. तिसरा लावला. पट्टीखाली.

मी पट्टी काढली, लॅपटॉप मिटला आणि चहा करायला गेलो. साखर दोनदा टाकली.

खरं सांगतो, पहिल्यांदा डोक्यात आली ती बादली. तीन दिवस तोंड बंद ठेवलं की अध्यक्ष बसथांब्यावर. एवढ्या मोठमोठ्या लोकांना दिसलं नाही ते टीव्हीवाल्याला दिसायची गरजच काय. पोरीचं कंत्राट होतंय, सरांची छाती फुगतेय, माझी पैज निघतेय. अडचण एवढीच की मी आयुष्यभर लोकांना फसवत आलोय, आणि माझा एक नियम आहे. फसलेल्याला नंतर हसता आलं पाहिजे. पत्रकारांना टूथपेस्ट दाखवून भाचीला नंतर हसता आलं नसतं. तिचं नाव तिच्या धंद्यात त्याच ठिपक्याखाली पुरलं गेलं असतं.

ती डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आली.

"तुझा तारा डाग आहे," मी म्हटलं.

"मामा, बास."

"अगं खरंच. ये इकडे, दाखवतो."

"टूथपेस्ट झाली, आता काय लावलंस?" तिने मला बाजूला सारून पडदा टॉवेलच्या टोकाने पुसला. मग नखाने खरवडला. मग टॉवेल ओला करून आणला आणि परत पुसला. ठिपका गेला नाही. मी कच्चा कप्पा उघडून दिला, पट्टी तिच्या हातात दिली आणि बाजूला उभा राहिलो. "मी हात लावत नाही. तूच चिकटव."

तिने चिकटवली. एक, दोन, तीन. परत तीन, दोन, एक. डोक्यावरचा टॉवेल सुटून खांद्यावर आला तरी तिचं लक्ष नव्हतं.

"या वेळी तरी चेष्टा कर ना रे," ती म्हणाली. हळूच म्हणाली.

मी तिच्या खांद्यावरचा टॉवेल उचलून खुर्चीवर टाकला.

मग तिने दुर्बिणीची रोजनिशी उघडली, कुठल्या वेळी काय बघितलं त्याची. तिन्ही वर्षी हा तुकडा बघायच्या आधी दुर्बिणीने तोच एक भडक तारा बघितला होता, मापं जुळवायला. भडक ताऱ्याने फोटो टिपणाऱ्या आतल्या पाटीवर दर वेळी त्याच जागी चटका ठेवला होता. असे चटके पुसायला संगणकाची आज्ञावली आहे, पण हा इतका पुसट की त्या आज्ञावलीतूनही सुटला. आणि दर वर्षी दुर्बीण मुद्दाम जराशी सरकवून फोटो घ्यायची पद्धत, पाटीवरच्या खराब जागा एकाच ठिकाणी येऊ नयेत म्हणून. दरवेळी सारखंच सरकायचं. संगणकाने तारे ताऱ्यांवर बसवले आणि त्या भानगडीत डाग चालायला लागला.

"म्हणून तो इतका शिस्तीत चालत होता," भाची म्हणाली. "खरा तारा कधी इतका सरळ जात नाही. आपणच सूर्याभोवती फिरतो, त्यामुळे तो जरा डुलतो. वर्षाच्या मधले फोटोही मी बघायला हवे होते, त्यात कळलं असतं. पण सर म्हणाले वेळ कमी आहे."

तिने सरांना फोन लावला. हाताला पाणी होतं म्हणून आवाज मोठा करून टेबलावर ठेवला, आणि मी आणि ही दोघंही भाजी निवडायचं सोंग करत बसलो.

सगळं ऐकून सर म्हणाले, "तीस तारखेला आपण 'शक्यता' म्हणू. पुढे तपासून बघू."

"सर, तपासलंय. तो तारा नाहीये."

"तुला कोणी सुचवलं हे?"

"माझ्या मामाने."

"कुठे असतात ते?"

"खाली. टीव्ही दुरुस्त करतात."

फोनमधून खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मग सर म्हणाले, "तीस तारखेपर्यंत हे कोणाशी बोलू नकोस. तुझ्याच भल्याचं सांगतोय. कंत्राटाचा कागद माझ्या टेबलावर आहे," आणि फोन ठेवला.

तिने हात टॉवेलला पुसले. मग कच्चे तीन फोटो शेजारी शेजारी लावले, ठिपक्याभोवती लाल गोल काढले, रोजनिशीचं पान जोडलं आणि पत्र लिहिलं. वर सरांचा पत्ता, त्याखाली त्या दुर्बिणीचे फोटो जपून ठेवणाऱ्या संग्रह विभागाचा. बोट बटणावर ठेवून आमच्याकडे बघितलं.

"पाठव," ही म्हणाली. "आणि हात धुऊन जेवायला ये."

तीस तारखेचे पत्रकार रद्द झाले. सरांनी कंत्राटासाठी निधी नसल्याचं कळवलं. बावीस तारखेला तो होता, तीसला नव्हता, अवकाशात म्हणे असं होतं. भाचीने तिचा मग आणि पेनांचा डबा संस्थेतून आणला आणि दुपारी झोपून राहिली. आमची ही दाराशी दोनदा जाऊन परत आली.

चार वाजता फोन वाजला. संग्रह विभागाच्या बाई होत्या. त्यांनी तीन दिवस दुसरं काहीच केलं नव्हतं. भडक ताऱ्यानंतर लगेच काढलेले फोटो त्यांनी बाहेर काढले होते, आणि आत्तापर्यंत अशी एकतीस भुतं सापडली होती, त्यातली काही छापील याद्यांमध्ये तारे म्हणून सुखाने नांदत होती. पूर्ण ढीग उपसायला कोणीतरी हवं होतं. वर्षभराचं काम, बसायची जागा तळघरात कपाटांच्या मध्ये, खिडकी नाही. येतेस का, उद्यापासून.

"येते," भाची म्हणाली. मग थोडं ऐकून म्हणाली, "किती?"

फोन ठेवल्यावर तिने सांगितलं. बाई आवाज खाली करून बोलल्या होत्या, ती आवाज वर करून बोलली. मोठ्या सरांच्या नऊ ताऱ्यांपैकी तीन आतापर्यंत पट्टीखाली आले होते.

ही पेढ्यांसाठी डबा शोधायला लागली आणि तेवढ्यात बेल वाजली. दारात अध्यक्ष, मागे काकू, काकूंच्या हातात खाकी कागद.

"नवा तारा सापडला का?" अध्यक्षांनी विचारलं. इस्त्रीचा सदरा घालून आले होते.

"एकतीस नसलेले सापडले," मी म्हटलं. "हिशोबाने तुम्ही एकतीसदा हरलात."

"सापडला का, एवढंच विचारतोय."

"आकाश किती साफ झालं बघा ना तिच्यामुळे. तुमच्या खात्याला पस्तीस वर्षांत जमलं नाही ते."

काकूंनी चष्मा लावून कागद वाचला. "'नवा तारा' लिहिलंय. साफसफाईचं काही लिहिलेलं नाही."

"काकू, गादी तुम्ही कोणासाठी शिवलीत?"

"डोक्यासाठी. कोणाच्या ते नाही लिहिलं."

एक तारखेला सकाळी पावणेनऊला मी फाटकातून बाहेर पडलो तेव्हा थांब्यावर बस पकडणारे सहा लोक होते आणि न पकडणारे साठ. अध्यक्षांनी जिन्यात चक्क सूचना लावली होती. बादली निळी, घासूनपुसून आणलेली. त्यांनी ती दोन्ही हातांनी माझ्या डोक्यावर ठेवली, पदवीदान असावं तशी, आणि काकूंनी गादी नीट बसवली. त्यानंतर मला दिसत होती फक्त पायांची दुनिया. अध्यक्षांचे पॉलिश केलेले बूट माझ्या पुढ्यातून हलत नव्हते.

पहिली बस आली. मी म्हटलं, "मला आकाशातलं काही कळत नाही." आतून कोणीतरी विचारलं, "मग बसचं कळतं का? ही चौकात जाते का?" मी सांगितलं जाते. दुसऱ्या बसचा ड्रायव्हर न थांबताच निघाला होता. अध्यक्षांचे बूट धावत आडवे गेले आणि त्यांनी नियमाप्रमाणे त्याला थांबवून माझं ऐकायला लावलं. त्याने अध्यक्षांना जे सुनावलं ते माझ्या बादलीत छान घुमलं. हरल्याचं तेवढं सोनं झालं.

तिसऱ्या बसच्या आधी माझ्या शेजारी कॅनव्हासचे पांढरे बूट येऊन उभे राहिले. नाड्या नवीन होत्या.

"डबा घेतलास?" मी विचारलं.

"घेतला. चिकटपट्टीचं रीळ पण घेतलंय तुझ्या दुकानातून."

"न विचारता?"

"बादलीला काय विचारायचं."

बस आली, दार फुस्सकन उघडलं, पांढरे बूट चढून गेले. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. आधीच्या बसवाल्याने त्याला कळवलं असणार. मी घसा साफ केला आणि तिसऱ्यांदा म्हटलं, "मला आकाशातलं काही कळत नाही." अध्यक्षांच्या बुटांनी समाधानाने टाचा उचलल्या.

"कोण आहे हा?" आतून एका बाईने विचारलं.

"माझा मामा," भाचीचा आवाज आला, आणि लगेच खिडकीची काच खाली सरकली. "ए मामा, शेवटच्या रांगेत ऐकू आलं नाही. परत म्हण."

बस थांबून राहिली. मी परत म्हटलं.